गाईच्या ढेकराचा हिशेब: एक जागतिक आकडा भंडाऱ्यातून वाचताना

"जगातल्या एकूण हरितगृह वायूंपैकी इतके टक्के वायू मांस आणि दुधाच्या उद्योगातून येतात." पर्यावरणशास्त्र, पशुविज्ञान, रसायनशास्त्र, भूगोल, विषय कोणताही असो, सिनॉप्सिस लिहायला बसलात की हे वाक्य पहिल्या पानावर येऊन बसतंच. 'इतके' च्या जागी कोणी १८ लिहितं, कोणी १४.५, तर कोणी १२. गंमत म्हणजे हे तिन्ही आकडे एकाच संस्थेचे आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे. आपण त्यातला एक उचलतो, संदर्भ टाकतो आणि पुढे जातो.

आज आपण पुढे न जाता तिथेच थांबू. हा आकडा कसा तयार झाला, तो कोणी मोजला आणि भंडारा जिल्ह्यातल्या एका गोठ्यापर्यंत आणला तर त्याचं काय होतं, ते पाहू. भंडारा निवडण्याचं कारण सरळ आहे. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगेचं खोरं, मालगुजारी तलाव, तुमसरची धानाची बाजारपेठ. धानाची बांधी आणि गाईचं पोट या मिथेनच्या दोन मोठ्या जागा मानल्या जातात, आणि भंडाऱ्यात त्या एकाच घरात सापडतात.

बांधीतला आणि पोटातला वायू

आधी थोडं विज्ञान. रोवणीनंतर बांधीत पाणी साचून राहतं. चिखलात हवा पोचत नाही. ऑक्सिजन नसलेल्या त्या जागी कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर सूक्ष्मजीवांची एक साखळी काम करते आणि साखळीच्या शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव असतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातही हीच स्थिती असते: ओलावा, ऊब, ऑक्सिजन नाही आणि चाऱ्यातले तंतू. तिथेही याच कुळातले सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि तो बहुतांश ढेकरातून बाहेर पडतो. खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेचा साधारण ६ टक्के भाग असा वाया जातो.

आता या दोन जागा जोडणारी गोष्ट बघा. धान झोडपल्यावर उरतं ते तणस. पूर्व विदर्भात गुरांचा उन्हाळा तणसाच्या ढिगावरच निघतो. तणसात सिलिका भरपूर, प्रथिनं अगदी कमी आणि ते पचायला जड. म्हणजे जनावर जगतं, पण दूध फारसं देत नाही. ढेकर मात्र चालूच राहतात. बांधीतून निघालेलं तणस गोठ्यात जातं, गोठ्यातलं शेण बांधीत परत येतं. हे चक्र डोळ्यांसमोर ठेवा, पुढे ते लागणार आहे.

१९९१: पावणेचार कोटी टन की चाळीस लाख?

१९८० च्या दशकाच्या शेवटी हवामानबदल हा आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा विषय झाला आणि कोणत्या देशाने किती वायू सोडला याचे तक्ते बनू लागले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या धानशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो, असं मांडलं गेलं. हा आकडा भारतातल्या बांधीत मोजलेला नव्हता. युरोप-अमेरिकेतल्या शेतांवर घेतलेली मोजमापं भारताच्या धानाखालच्या क्षेत्राला गुणून तो काढलेला होता.

नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी संबंधित वातावरणशास्त्रज्ञ अशेष प्रसाद मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभर मोजणीची मोहीम झाली. पद्धत ऐकायला साधी आहे. रोपांवर पारदर्शक पेटी ठेवायची, ठरावीक वेळाने सिरिंजने आतली हवा काढायची आणि त्यातलं मिथेन प्रयोगशाळेत मोजायचं. वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळ्या पाणी-व्यवस्थांच्या शेतांवर हे केल्यावर देशाचा आकडा आला सुमारे ४० लाख टन. आधीच्या अंदाजाच्या जवळपास नववा हिस्सा.

एवढा फरक का पडला? कारण आपल्या धानाचा मोठा भाग पावसावरचा आहे. पावसाने खंड दिला की बांधी आटते, जमिनीला भेगा पडतात, हवा आत शिरते आणि मिथेन बनणं थांबतं. शिवाय आपल्या जमिनींत सेंद्रिय कर्बही कमी. सतत पाण्याखाली असलेलं शेत आणि आकाशाकडे डोळे लावून बसलेलं शेत यांना एकच गुणक लावणं ही मुळातली चूक होती. भंडाऱ्यात तर तलावाखालची बांधी आणि कोरडवाहू बांधी एकाच गावात दिसतात.

त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटतर्फे एक छोटी पुस्तिका काढली. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या अहवालाला ते उत्तर होतं. त्यांचा मुद्दा असा: पोटासाठी पिकवलेल्या धानातून आणि शेतकऱ्याच्या दावणीच्या गाईतून निघणारा वायू आणि मोटारीच्या धुरातून निघणारा वायू एकाच रकान्यात बेरीज करून लिहू नका. एक जगण्यासाठीचं उत्सर्जन, दुसरं चैनीचं. हा भेद पुढे भारताच्या हवामान-धोरणाचा कणा झाला. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शंभरहून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी कमी करण्याची प्रतिज्ञा केली. भारताने तिच्यावर सही केली नाही.

१८, १४.५, १२

आता जनावरांच्या आकड्याकडे येऊ. २००६ मध्ये अन्न व कृषी संघटनेचा पशुपालनाच्या 'लांबलचक सावली'वरचा अहवाल आला. त्यात पशुपालनाचा वाटा १८ टक्के दिला होता आणि तो वाहतुकीपेक्षा जास्त आहे, असंही म्हटलं होतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते वाक्य उचललं. २०१० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातले फ्रँक मिटलोनर यांनी आक्षेप घेतला. जनावरांच्या बाजूला चाऱ्यासाठी तोडलेलं जंगल, खत, प्रक्रिया असं सगळं मोजलंय, आणि वाहतुकीच्या बाजूला फक्त जळालेलं इंधन. गाडी बनवायला, रस्ता बांधायला लागलेलं काही नाही. अहवालाच्या लेखकांपैकी एकाने हा मुद्दा मान्यही केला.

इथे एक गोष्ट टिपून ठेवा. मिटलोनर यांच्या केंद्राला पशुउद्योगाकडून मोठा निधी मिळतो, हे २०२२ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी पुढे आणलं. निधी कोणाचा हे पाहायलाच हवं. पण त्यामुळे तुलनेबद्दलचा तो आक्षेप आपोआप खोटा ठरत नाही. संशोधनात दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवायची सवय लावून घ्या.

२०१३ च्या अहवालात संघटनेने आकडा १४.५ टक्के केला, २०२३ च्या अहवालात सुमारे १२. म्हणजे जनावरांचं उत्सर्जन घटलं, असा अर्थ काढू नका. आधारवर्ष, गणिताचं मॉडेल आणि एकूण उत्सर्जनाचा छेद, सगळंच बदलत गेलं. मिथेनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करण्याचा गुणकही बदलला. आयपीसीसीच्या १९९५ च्या अहवालात तो २१ होता, २००७ मध्ये २५, २०१३ मध्ये २८. एखादी गाय वर्षाला ४६ किलो मिथेन सोडत असेल, तर जुन्या गुणकाने तिचं खातं ९६६ किलो भरतं आणि नव्याने १,२८८ किलो. गाय तीच, चारा तोच, ढेकरही तेवढेच.

२०१३ च्या अहवालातली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. जनावरांच्या एकूण उत्सर्जनात पोटातल्या मिथेनचा वाटा साधारण ३९ टक्के, तर चारा आणि खाद्य तयार करण्याचा ४५ टक्के. या ४५ टक्क्यांत खत आहे, यंत्रं आहेत, दक्षिण अमेरिकेत सोयाबीन आणि कुरणांसाठी साफ केलेलं जंगल आहे. जागतिक मांस-दूध उद्योगाच्या व्यापक परिणामांबद्दल बोलतो, तेव्हा खरं वजन बरंचसं इथे आहे. तणसावर आणि पडीक रानावर जगणाऱ्या गाईच्या खात्यात यातलं फार थोडं येतं.

भागायचं कशाने?

आता खरा पेच. आयपीसीसीच्या १९९६ च्या मार्गदर्शिकेत ज्या देशांकडे स्वतःची मोजमापं नाहीत त्यांच्यासाठी तयार गुणक दिले होते. उत्तर अमेरिकेची दुभती गाय: वर्षाला ११८ किलो मिथेन, ६,७०० किलो दूध. भारतीय उपखंडातली दुभती गाय: ४६ किलो मिथेन, ९०० किलो दूध. पुढच्या तक्त्यांत हे आकडे बदलले, पण गणिताचा सांगाडा तोच राहिला.

जनावरामागे मोजलं तर आपली गाय निम्म्याहूनही कमी वायू सोडते. आता दुधाने भागा. अमेरिकी गाईच्या एक किलो दुधामागे साधारण १८ ग्रॅम मिथेन, आपल्या गाईच्या एक किलो दुधामागे ५१ ग्रॅम. जवळपास तिप्पट! एका भागाकाराने सज्जन गाय गुन्हेगार झाली.

दोन्ही गणितं बरोबर आहेत. प्रश्न छेदात काय ठेवलं याचा आहे. छेदात फक्त दूध ठेवलं, तर उत्तर एकच निघतं: जनावरं कमी करा, दूध वाढवा, संकरित गाय आणा, खुराक विकत आणा. पण भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याने गाय शंभर वर्षांपूर्वी दुधासाठी पाळलीच नव्हती. ती बैल देण्यासाठी होती. बैल चिखलणीसाठी, धान वाहण्यासाठी. शेण बांधीसाठी आणि चुलीसाठी. दूध मिळालं तर मिळालं. पूर्व विदर्भाच्या धान पट्ट्यातल्या 'कठाणी' गोवंशाला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३ च्या सुरुवातीला स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं, तेव्हाही तिचा गुण म्हणून दलदलीच्या धानशेतीत ओढकामाची क्षमता सांगितली गेली. हा गुण लिटरमध्ये मोजता येत नाही. काही अभ्यासांत ओढकामाचा वाटा वेगळा काढतात, पण बातमीत आणि धोरणात पोचतं ते लिटरमागचं गणितच.

युरोपातली भुकटी आणि गावातला बैल

छेदात दूध कसं आलं, याचाही इतिहास आहे, आणि तो जागतिक दूध उद्योगाशी थेट जोडलेला आहे. १९६० च्या दशकात युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या शेतकऱ्यांना भावाची हमी दिली. दूध इतकं वाढलं की भुकटी आणि लोण्याचे डोंगर साठले. त्यातला माल जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला मदत म्हणून मिळाला. १९७० मध्ये सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड'च्या पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल ठरलं होतं. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्यापासून दूध बनवून मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत विकलं आणि आलेल्या पैशातून डेअऱ्या, शीतगृहं, टँकर उभे केले. फुकट भुकटी बाजारात ओतून देशी दुधाचा भाव पाडण्याऐवजी तिचं भांडवल करणं, ही खरोखर हुशारी होती. तरीही १९८३ मध्ये क्लॉड अल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त यावर घणाघाती टीका केली आणि मोठा वाद झाला. दोन्ही बाजू वाचा. एकच वाचून मत बनवलं तर व्हायव्हाला अडचणीत याल.

दुधाबरोबर संकरीकरण आलं. जर्सी आणि होल्स्टीन फ्रीजियन वळूंचं वीर्य, कृत्रिम रेतन. पश्चिम महाराष्ट्रात ऊस, पाणी आणि सहकार यांच्या आधाराने हे जमलं. विदर्भ मागे राहिला. म्हणूनच २०१६ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाला विदर्भ-मराठवाड्यासाठी वेगळा प्रकल्प सुरू करावा लागला.

संकरित गाय जास्त दूध देते हे खरं. पण तिचा गोऱ्हा खांद्याला सपाट, उन्हाला हळवा, चिखलात लवकर दमणारा. ट्रॅक्टर आला, चिखलणीला लोखंडी चाकं आली आणि बैलाची गरजच संपत गेली. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत हे स्पष्ट दिसतं. २०१२ च्या तुलनेत देशातल्या गाई १८ टक्क्यांनी वाढल्या आणि बैल-गोऱ्हे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला मिळणारी किंमतही गेली. कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, बैल ठेवणं परवडतं का या हिशेबात ही नोंद करावीच लागते.

रकाना बदलला की काय होतं

आता ते सुरुवातीचं चक्र आठवा. बैल गेला, तर जिल्ह्याच्या 'पशुधन' रकान्यातलं मिथेन कमी झालं. कागदावर सुधारणा. पण चिखलणीचं डिझेल 'इंधन' रकान्यात गेलं. शेणखत कमी झालं, युरियाची गोणी वाढली, ती 'खत' रकान्यात. धान हार्वेस्टरने कापलं की तणस बांधीत पसरून राहतं. खायला गुरं नसतील तर गोळा करायला परवडत नाही, मग काडी लावली जाते आणि तो धूर 'पीक अवशेष' रकान्यात. फक्त पशुधनाचा रकाना वाचणाऱ्याला वाटेल, हवामानाचा फायदा झाला. एकूण फायदा झाला की तोटा, हे चारही रकाने एकत्र मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

जमिनीचंही तसंच. १९५६ पर्यंत भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होता. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, पण गावाचे निस्तार हक्क, म्हणजे चराई, सरपण, वाट, हे कागदोपत्री राहिले. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदींत 'झुडपी जंगल' नावाची जमीन आहे. झुडपांची, हलक्या मातीची ही रानं बहुतेक चराईचीच. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर ती वन की महसूल, हा वाद चाळीस वर्षं चालला आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानावी असा निकाल दिला. जंगल राखणं गरजेचं आहेच. पण ज्या गोवारी किंवा भूमिहीन कुटुंबाची दोन जनावरं या रानावर जगतात, त्यांच्यासाठी चरण्याची जागा आणि चाऱ्याचा खर्च हे दोन्ही या नोंदीवर ठरतात. चराई आटली की गाय विकत्या खुराकावर जाते. म्हणजे आपल्या स्वस्त, कमी दुधाच्या गाईच्या खात्यातही ते ४५ टक्क्यांवालं ओझं शिरू लागतं.

ढाल म्हणून नको

एवढं वाचून कोणी म्हणेल, म्हणजे आपली गाय निर्दोष आणि सगळा दोष अमेरिकेचा. तसंही नाही. 'जगण्यासाठीचं उत्सर्जन' हा मुद्दा १९९१ मध्ये न्यायाचा होता, आजही आहे. पण तो ढाल म्हणून वापरला की बऱ्याच गोष्टी झाकल्या जातात. तणसावर जगणारी गाय उपाशी असते, रोगाला लवकर बळी पडते, उशिरा माजावर येते. तिचं पोट सुधारलं तर शेतकऱ्याचं दूध वाढेल आणि लिटरमागचा वायूही घटेल. शंभर किलो तणसाला चार किलो युरियाचं पाणी शिंपडून तीन आठवडे झाकून ठेवायची प्रक्रिया कित्येक दशकांपासून माहीत आहे आणि तरी ती गावोगाव रुजली नाही. का रुजली नाही, हा विज्ञानाचा प्रश्न आहे तितकाच मजुरीचा, पाण्याचा आणि घरातली कोण बाई तणस भिजवणार याचाही आहे. शिवाय शहरात दूध, पनीर, आइस्क्रीम भरपूर खाणारा भारतीय ग्राहक आणि एका गाईवर भागवणारं कुटुंब यांना 'भारत' या एका नावाखाली लपवणं, हेही सरासरीचंच राजकारण झालं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पहिल्या पानावर आकडा लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. एक, तो कुठे मोजला, की दुसरीकडे मोजून इथे गुणला? दोन, छेदात काय आहे: जनावर, लिटर, एकर की माणूस? छेद बदलून स्वतः एकदा गणित करा. तीन, एका रकान्यातून काही कमी झालं असेल तर ते कोणत्या रकान्यात गेलं?

आणि विषयच शोधत असाल, तर भंडाऱ्यात चांगला प्रबंध होईल इतकं काम पडलं आहे. १९०८ चं जिल्हा गॅझेटियर, पशुगणनेचे जुने तक्ते, गावचं निस्तारपत्रक ही कागदपत्रं घ्या. मग साकोली, लाखांदूर, पवनी तालुक्यांतली प्रत्येकी दोन गावं निवडा, एक तलावाखालचं, एक कोरडवाहू. रोवणीच्या दिवसांत बांधी बघा आणि धान निघाल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा जा. चिखलणी कशाने झाली, तणस कुठे गेलं, गुरं कुठे चरली आणि शेण कुठे पडलं, एवढे चार प्रश्न प्रत्येक घरी विचारा. उत्तरं नोंदवताना एकक लिहायला विसरू नका.